वह्या, पेनं आणि गोळ्या

सुट्टीचा बेत ठरला की ग्रुपवर सामानाची यादी फिरायला लागते. टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, डासांचं मलम, आणि हल्ली शेवटी एक ओळ हमखास असते : 'वह्या, पेनं, गोळ्या – गावातल्या मुलांसाठी'. सह्याद्रीतला एखादा गड असो नाहीतर लडाखची सहल, ही ओळ असतेच. ती लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला अजिबात शंका नाही. आपण गाडी काढून दोन दिवस मजा करायला जातो आणि तिथल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात, हे बघून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यापेक्षा हा माणूस शंभरपटीने बरा. तरीही माझं मत असं की ही ओळ यादीतून खोडावी.

का ते सांगतो. पायथ्याच्या एखाद्या गर्दीच्या गावात शनिवारी सकाळी जाऊन बघा. गाडी थांबली की पोरं धावत येतात आणि 'काका, चॉकलेट!' म्हणून हात पुढे करतात. आता जिथे फारसं कोणी फिरकत नाही अशा वाडीत जा. तिथली पोरं लांबून टुकूटुकू बघतात, लाजतात, आणि मग हळूच वाट दाखवायला पुढे होतात. पोरं दोन्हीकडची सारखीच हो. मधला फरक आपण केलाय! पावसाळ्यात आठवड्यामागून आठवडे ग्रुप येतात, प्रत्येक जण वाटप करतो, फोटो काढतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच पहिले. वह्या घेतलेल्या असतात अप्पा बळवंत चौकातून, म्हणजे गावातल्या दुकानदाराला त्यातून एक रुपया मिळत नाही. गोळ्यांचे कागद मात्र गावातच राहतात.

आमच्या धंद्यात कोड लिहायला बसण्याआधी क्लायंटला विचारायचं असतं, की बाबा रे, तुला नक्की हवंय काय? न विचारता बनवलेलं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी ते पडूनच राहतं. सोमवार ते शुक्रवार हेच घोकणारी मंडळी शनिवारी गावात पोचल्यावर हे कसं काय विसरतात, हे मला कोडंच आहे.

विचारल्याने काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण एडमंड हिलरीचं. १९५३ साली तेनसिंगबरोबर एव्हरेस्ट चढला, जगभर नाव झालं. पुढे १९६० च्या मोहिमेत त्याने शेर्पांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्यांनी शाळा मागितली. १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा उभी राहिली. १९६६ मध्ये शेजारच्या कुंदेला हॉस्पिटल झालं. १९७५ साली फाप्लू इथे आणखी एका हॉस्पिटलचं काम चालू असताना त्याच्याकडे निघालेली त्याची बायको आणि मुलगी काठमांडूजवळ विमान अपघातात गेल्या. त्यानंतरही या माणसाने ते काम सोडलं नाही, २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत. आज आपल्याकडची कितीतरी मंडळी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातात. त्यांनी वाटेत खुमजुंगची शाळा जरूर बघावी.

यावर कोणी म्हणेल, अहो, आम्ही काही हिलरी नाही. आम्हाला मिळतात दोन दिवस, सोमवारी परत स्टँडअप मीटिंग. कबूल. मग दोन दिवसवाल्यांनी वेळासकडे बघावं.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं हे छोटंसं गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी उकरून खाल्ली जायची, विकली जायची. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत नीट पुरायची, दीड-दोन महिने पहारा द्यायचा, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. काही वर्षांत त्याचा कासव महोत्सव झाला. लोक पिल्लं बघायला येतात, गावातल्या घरातच राहतात, घरचंच जेवतात आणि त्याचे पैसे देतात. बस, एवढंच! त्या पाहुण्याने वेळासला काही 'दान' दिलेलं नसतं. पण जिवंत कासवामुळे घरात चार पैसे येतात हे गावाला दिसलं. आणि वेळासच्या यजमानाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. तो भाव सांगतो, आपण देतो. व्यवहार बरोबरीचा.

उलटी बाजूही आहे, आणि ती भयंकर आहे. कंबोडियात पर्यटकांनी अनाथाश्रमाला भेट द्यायची, मुलांशी खेळायचं, पैसे देऊन यायचं अशी टूमच निघाली. मग पर्यटकांच्या वाटेवर अनाथाश्रम वाढत गेले. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत! म्हणजे दयेला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर कुणीतरी दुकान टाकलं, आणि माल म्हणून पोरं आणली. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला, त्या वेळी हा प्रकारही गुलामगिरीतच धरला गेला. आपली वही-पेनं तिथवर जात नाहीत हे खरं. पण रस्ता तोच आहे. मूल जितकं केविलवाणं, तितकी कमाई जास्त.

मग करायचं काय? माझ्या मते अगदी साध्या गोष्टी. पुण्याहून ठेपले आणि मॅगी नेण्याऐवजी गावातल्या ताईंकडे जेवण सांगा. त्यांनी पिठलं-भाकरीचा जो भाव सांगितला त्यात घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण करतो का? वीस जणांचं सांगून बारा जण गेलात तर वीस जणांचे पैसे द्या, कारण पीठ वीस जणांचं मळलेलं असतं. शेवटच्या क्षणी बेत रद्द झाला तरीही. वाट माहीत असली तरी एखादा वाटाड्या घ्या. मोबाईलमधल्या नकाशाला पोट नसतं. आपला कचरा आपल्या सॅकमध्ये घालून परत आणा. आणि एवढं करूनही काही द्यावंसं वाटलं, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांना आधी विचारा. कदाचित ते म्हणतील वह्या भरपूर आहेत, पण छपराचे दोन पत्रे फुटलेत. मग पत्रे द्या. मुलांची रांग लावून फोटो काढायचा नाही, हे मात्र पक्कं.

यात पुण्य मिळाल्यासारखं वाटत नाही, ही अडचण मला मान्य आहे. हिशोब चुकता केल्यावर कोण टाळ्या वाजवतो? पण ज्या घरी जेवलो, त्या घरच्या माणसाने पुढच्या वेळी 'या, बसा, किती जण आहात?' असं आपल्याला बरोबरीच्या नात्याने विचारावं, यापेक्षा सुट्टीतून आणखी काय परत आणायचं असतं?