दुखणे दडवणे हीही फसवणूकच

थरोब्रेड घोड्यांच्या शर्यतींत औषधांचा गैरवापर दोन तऱ्हांनी होतो. एकीत घोड्याचा दम किंवा ताकद कृत्रिमरीत्या वाढवली जाते, दुसरीत त्याचे दुखणे दडवले जाते. बातम्यांत गाजते ती पहिली. घोड्याच्या जिवावर अधिक उठते ती दुसरी, आणि तिच्यातले बरेचसे ‘उपचार’ या सोज्वळ नावाखाली उजळ माथ्याने चालते.

पहिल्या तऱ्हेचा सर्वांत ठळक नमुना अमेरिकेतला. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी जेसन सर्विस आणि होर्हे नव्हारो या नामवंत ट्रेनरांसह पंचवीसहून अधिक जणांवर आरोप ठेवले. त्याआधी काही दिवसच सर्विस यांच्या ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ने 2 कोटी डॉलर बक्षिसाची सौदी कप शर्यत जिंकली होती. नव्हारोंच्या ‘एक्सवाय जेट’ने 2019 मध्ये दुबईतली शर्यत मारली आणि जानेवारी 2020 मध्ये तो मेला, हृदयविकाराचा झटका आला, असे तेव्हा सांगितले गेले. दोन्ही ट्रेनरांनी पुढे गुन्हा कबूल केला. नव्हारोंना पाच वर्षांची शिक्षा झाली, सर्विस यांना चार. मात्र ही टोळी उघडी पडली ती एफबीआयने चोरून ऐकलेल्या फोनवरच्या बोलण्यांतून. नेहमीच्या चाचण्यांत सापडणार नाहीत अशीच द्रव्ये मुद्दाम निवडली जात होती. ‘आमच्या घोड्यांचे नमुने स्वच्छ आहेत’ या वाक्याला किती वजन द्यायचे, ते यावरून ठरवावे.

दुसरी तऱ्हा समजण्यासाठी घोड्याचा पाय पाहावा लागतो. साडेचारशे-पाचशे किलोचे जनावर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावते, तेव्हा एका टापेला जवळजवळ सगळा भार एकाच पायावर येतो. नळीच्या हाडात आणि तिच्याखालच्या सांध्यात बारीक तडे पडत राहतात. विश्रांती मिळाली तर ते भरून येतात, नाही तर एके दिवशी हाड मोडते. कॅलिफोर्नियात शर्यतीत मेलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन 1990 पासून होत आले आहे. बहुतेक प्राणघातक मोडींच्या जागी जुनी इजा आधीपासून होती, असे त्यातून दिसले. म्हणजे हे अपघात अचानक घडत नाहीत. त्यांची सूचना आधी मिळते, आणि ती सूचना म्हणजेच वेदना.

शर्यतीपूर्वी पशुवैद्य घोड्याला हाती धरून दुडकत चालवायला सांगतो व त्याच्या मानेकडे बघतो. पुढचा पाय दुखत असला, तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइड टोचले किंवा वेदनाशामक दिले की सूज उतरते, मान हलत नाही, पशुवैद्य ‘ठीक’ म्हणतो आणि घोडा तडा गेलेल्या हाडावर पूर्ण भार टाकून पळतो. पाय मोडल्यावर वाचवणेही कठीण. 2006 चा केंटकी डर्बी विजेता ‘बार्बारो’ दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मागच्या पायाने जायबंदी झाला. पैशाची, डॉक्टरांची, कशाचीच कमतरता नव्हती; तरी उरलेल्या पायांवर भार येऊन खुरांना लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला कायमचे झोपवावे लागले.

2021 च्या केंटकी डर्बीत पहिल्या आलेल्या ‘मेडिना स्पिरिट’च्या रक्तात बीटामेथासोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड सापडले, एका मिलिलिटरमागे 21 पिकोग्रॅम. ट्रेनर बॉब बॅफर्ट यांच्या बाजूने दोन गोष्टी मांडल्या गेल्या: औषध कातडीच्या मलमातून आले, आणि इतक्या सूक्ष्म मात्रेने शर्यत जिंकता येत नाही. दुसरा मुद्दा खराही असेल. पण नियम शर्यतीच्या दिवशी हे औषध रक्तात नसावे एवढाच होता, आणि तो विजयाचे श्रेय वाटण्यासाठी केलेला नव्हता. घोड्याचा खरा पाय पशुवैद्याला दिसावा, हा त्याचा हेतू. फेब्रुवारी 2022 मध्ये विजय काढून घेऊन ‘मँडलून’ला देण्यात आला. मेडिना स्पिरिट त्याआधीच, डिसेंबर 2021 मध्ये, सराव करताना कोसळून मेला होता. औषधाचा त्या मृत्यूशी संबंध सिद्ध झालेला नाही. मँडलूनवर पैसे लावलेल्यांना मात्र विजयाची रक्कम मिळाली नाही, कारण डर्बीच्या दिवशीच्या निकालावर वाटप होऊन गेले होते. औषधाने फसतो तो घोडा, आणि त्याच्यामागोमाग सट्ट्याच्या खिडकीवर रांग लावणारा पंटर.

फुरोसेमाइडचे, म्हणजे लॅसिक्सचे, प्रकरणही ‘उपचारा’च्या नावाखालचेच. फुप्फुसातला रक्तस्राव रोखण्यासाठी ते शर्यतीपूर्वी काही तास टोचतात. त्याने लघवीवाटे बरेच पाणी जाऊन घोडा हलकाही होतो. जगात बहुतेक ठिकाणी शर्यतीच्या दिवशी त्याला बंदी आहे, अमेरिकेत मात्र अनेक वर्षे जवळजवळ प्रत्येक घोडा ते घेऊन पळत होता.

‘औषध नाकारणे हीच क्रूरता’, असा प्रतिवाद ट्रेनर करतात. दुखणाऱ्या घोड्याला औषध जरूर द्यावे. त्याला त्या अवस्थेत पळवू नये, एवढेच म्हणणे आहे. खरी अडचण पैशाची असते. अमेरिकेतल्या ‘क्लेमिंग’ शर्यतींत प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीला असतो. लंगडा घोडा एक दिवस धडधाकट दिसला की तो दुसऱ्याच्या गळ्यात मारता येतो. म्हणून शर्यतीनंतर घोडा लंगडला किंवा नमुना दोषी निघाला तर सौदा रद्द, हा तिथला आताचा नियम प्रवचनांपेक्षा कामाचा आहे. दुखणे लपवण्यातला नफाच त्याने काढून घेतला.

हा नियम देशपातळीवर आला तो केंद्रीय कायद्याने नेमलेल्या ‘हायसा’ या संस्थेमुळे. आधी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, एकीकडे बंदी आली की घोडा शेजारच्या राज्यात. जुलै 2022 पासून सुरक्षेचे आणि मे 2023 पासून औषधांचे नियम एका छत्राखाली आले. सांध्यातल्या इंजेक्शननंतर किमान 14 दिवस शर्यत नाही, उपचारांची नोंद सक्तीची. 2009 मध्ये अमेरिकेत दर हजार धावांमागे 2 घोडे दगावत. 2024 मध्ये हायसाच्या कक्षेतल्या रेसकोर्सवर हे प्रमाण 0.90 होते, कक्षेबाहेरच्यांवर 1.76. श्रेय एकट्या औषधबंदीचे नाही, धावपट्टीची देखभाल आणि पशुवैद्यांची तपासणीही त्यात आहे. पण ‘घोडे मरायचेच’ म्हणणाऱ्यांना हे आकडे पुरेसे उत्तर आहेत.

भारताशी याचा थेट संबंध आहे. 1996 मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला. इथली कायदेशीर सट्टेबाजी त्याच निकालावर उभी आहे. घोड्याची जात, फॉर्म, तयारी यांचा अभ्यास करून पंटर अंदाज बांधतो, हे त्यामागचे गृहीतक. सांध्यात काय टोचले आहे ते फक्त तबेल्याला ठाऊक असेल, तर त्या अभ्यासाला अर्थ उरत नाही.

मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या आणि पुण्याच्या शर्यतींना राज्य सरकारचा परवाना लागतो. 1912 चा रेसकोर्स परवाना कायदा त्यासाठीच आहे. त्या परवान्याच्या अटींत सरकारने दोन गोष्टी घालाव्यात. घोड्याच्या सांध्यात दिलेल्या इंजेक्शनची तारीख रेसकार्डावर छापावी. आणि हंगाम संपल्यावर किती घोडे धावले, किती दगावले, किती नमुने दोषी निघाले व कोणाला काय शिक्षा झाली, हे मराठीत व इंग्रजीत जाहीर करावे. दोन्हींना खर्च जवळपास नाही.