गळ नेमका कुणाला लागतो?

अमेरिकेत मासा पकडायला जाणं आणि आपल्याकडे घरात लग्न काढणं यांत फरक एवढाच, की लग्नात शेवटी जेवायला मिळतं. बाकी याद्या, खरेदी, ऐन वेळी न सापडणाऱ्या वस्तू आणि जाणकारांचे परस्परविरोधी सल्ले, सगळं तेच.

आमचे साडू मिनेसोटात असतात. त्या राज्याने १९६५ सालीच 'वॉलाय' नावाच्या माशाला राज्यमाशाचा मान दिला. आपल्या महाराष्ट्राला पापलेटला तो मान द्यायला २०२३ साल उजाडलं. तोवर आपण खाण्यात गुंतलो होतो. तर साडू दर वर्षी उन्हाळा सरता सरता, ऑगस्टच्या अखेरीला, वॉलायच्या मोहिमेवर निघतात. मागे एका ऑगस्टमध्ये मी तिथे होतो, तेव्हा ही तयारी डोळ्यांनी पाहिली. बँकेत वार्षिक ताळेबंदालासुद्धा एवढी धावपळ होत नाही.

साडूंच्या पेटीला सात खण. पहिल्या चारांत नुसते नकली मासे. आता या नकली माशाचा इतिहास ऐका. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ साली पहिला नकली मासा कोरला तो बुचाचा. वर चकाकीला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि लकाकी टिकावी म्हणून फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्यांचा लेप दिला. म्हणजे सगळं सामान आपल्या रद्दीवाल्याकडे मिळेल असं. त्याचं भांडवल एकच होतं: जखमी मासा कसा लटपटत पोहतो, हे त्याने नीट पाहिलं होतं. आणि आमचे साडू? त्यांच्याकडे त्याच माशाच्या बावीस रंगछटा आहेत. पैठणीच्या दुकानात बायकोला "हा रंग आहे की तुझ्याकडे" म्हणणारा हा माणूस, जांभळ्यावर हिरवे ठिपके आणि हिरव्यावर जांभळे ठिपके यांतला फरक मला वीस मिनिटं समजावत होता!

शिवाय होडीवर सोनार. मला वाटलं, एखादा मराठी माणूस पोटापाण्यासाठी तिथवर पोचला. तर ते यंत्र निघालं. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि समोरचा मासा पडद्यावर पाहायचा. किंमत हजार डॉलरांच्या पुढे. आपला सोनार निदान दागिना तरी हातात देतो.

माझा वाद साडूंच्या खर्चाशी नाही. पैसा त्यांचा आहे. वाद आहे तो खरेदीच्या क्रमाशी. आधी सामान, मग तंत्र, आणि मासा हाती आल्यावर "आता याचं काय करायचं?" ही पद्धत मुळातच उलटी आहे. आधी ठरवा, मासा खायचाय की सोडायचाय. मग पेटी उघडा.

कारण हा ऑगस्ट महिना. वरचं पाणी तापलेलं असतं आणि वॉलायला गारवा आवडतो. त्याच्या डोळ्यांच्या मागे मांजरीसारखा चकाकणारा पडदा आहे. अंधारात त्याला झकास दिसतं, पण भर दुपारचं ऊन सोसत नाही. म्हणून दिवसा तो खोल उतरतो किंवा पाणवनस्पतींच्या कडेला सावलीत बसतो आणि तिन्हीसांजेला जेवायला बाहेर पडतो. त्यात त्या वर्षी जन्मलेली इतर माशांची पिल्लं एव्हाना तळंभर झालेली असतात. म्हणजे मंडळींचं पोट भरलेलं. भरल्या पोटीच्या पाहुण्याला आग्रह करायचा तो हळू करावा लागतो, हे कुठल्याही मराठी गृहिणीला ठाऊक आहे.

तेव्हा खायचा असेल तर काय लागतं? एक काठी, एक रीळ, दोरीवर सरकणारं शिसं, हातभर पुढे एक छोटा गळ आणि त्यावर जिवंत गांडूळ किंवा जळू. होडी अगदी सावकाश, तळाशी शिसं टेकत टेकत न्यायची. ओढ लागली की दोरी सैल सोडायची, म्हणजे माशाला शिशाचं वजन जाणवत नाही. तो निवांत गिळतो. जेवणापुरते मासे झाले की उठायचं.

आणि सोडायचाच असेल तर गांडूळ नको. कारण गिळलेला गळ पोटात जातो, आणि तापलेल्या पाण्यात आधीच दमलेला मासा त्यातून उठत नाही. तिथे नकली मासा बरा. तो बहुधा ओठालाच अडकतो. आणि जागा निवडायची ती उथळ: संध्याकाळची, पाणवनस्पतींच्या कडेची.

साडू काय करतात? सोनारावर पाहून पस्तीस फुटांवरचा मासा वर ओढतात, फोटो काढतात आणि मोठ्या मनाने सोडून देतात. संध्याकाळपर्यंत वीस-वीस! मी हरकत घेतली, तर म्हणतात, "अहो, पोहत गेला ना तो!"

गेला. पण चेक दिला म्हणजे पैसे मिळाले नव्हेत. तो वटावा लागतो. वॉलायच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि ट्राउटसारखी ती हवा ढेकर देऊन बाहेर टाकण्याची सोय त्याला नाही. तीस फुटांहून खोलातून भरकन वर आणला की ती पिशवी फुगते आणि आतले अवयव दाबते. पोहत गेलेला मासा नजरेआड जाऊन मरतो. तुम्ही घरी जाऊन 'एकही मारला नाही' म्हणून पाठ थोपटून घेता. आमच्या खात्यात याला व्हाउचर न लावता खात्यातून रक्कम काढणं म्हणतात.

हे माझं कारकुनी पित्त नव्हे. मिनेसोटातल्या मिल लॅक्स या प्रसिद्ध तलावावर खरोखरच असा हिशोब ठेवतात. १८३७ च्या करारातले ओजिब्वे लोकांचे मासेमारीचे हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मान्य केले. तेव्हा किती मासा त्यांचा आणि किती राज्याचा, हे ठरवून घ्यावं लागतं. राज्याच्या वाट्यात हौशी लोकांनी पकडून नेलेला मासा तर मोजतातच, पण सोडल्यावर मेलेला धरलेला मासाही मोजतात. २०१५ साली वाटा संपला आणि ३ ऑगस्टला वॉलायची मासेमारी बंद झाली. ऐन हंगामात! किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांनी आणि खानावळवाल्यांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार फोटो काढताना कुणाच्या मनात येतो?

मासा ताटात मोजायचं सोडून प्रतिष्ठेत मोजायला लागलं की पुढची पायरी ठरलेलीच. २०२२ च्या सप्टेंबरअखेर क्लीव्हलंडला लेक एरीवरच्या वॉलाय स्पर्धेत एका जोडीचे मासे आकाराच्या मानाने फारच वजनदार भरले. चिरून पाहिले, तर पोटात शिशाच्या गोळ्या! बक्षीस होतं अठ्ठावीस हजार डॉलरांच्या वर. २०२३ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला आणि दहा-दहा दिवस तुरुंगाची हवा खाल्ली. शिसं दोरीला लावायचं की माशाला, हा तंत्राचा मूलभूत प्रश्नच त्यांनी चुकीचा सोडवला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दुकानाच्या दारात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: "तळणार की सोडणार?" तळणार असेल त्याला शिसं, गळ आणि गांडुळांचा डबा द्यावा. सोडणार असेल त्याला एक नकली मासा द्यावा आणि "दिवेलागणीला या" म्हणून सांगावं. दुकानदार हा प्रश्न कधी विचारणार नाहीत, हे मला कळतं. विचारला तर उरलेले एकवीस रंग विकायचे कुणाला?