जयगडची वायुगळती: सील, प्रेशर सेन्सर आणि नाक, आधी कोणाला कळतं?

१२ डिसेंबर २०२४. रत्नागिरी तालुक्यातल्या जयगडमध्ये शाळा सुरू असताना मुलांना अचानक मळमळ, डोळ्यांची जळजळ आणि श्वासाचा त्रास व्हायला लागला. कित्येक मुलांना रत्नागिरीच्या रुग्णालयात न्यावं लागलं. शेजारच्या जिंदाल कंपनीच्या परिसरातून वायुगळती झाल्याचं समोर आलं. टाकीच्या देखभालीच्या वेळी इथिल मरकॅप्टन बाहेर पडलं, अशी प्राथमिक माहिती बातम्यांमध्ये होती.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास पडतो. एवढ्या मोठ्या प्रकल्पांमध्ये इतके सेन्सर असतात, तरी गावाला गळती वासावरूनच का कळते? उत्तर समजायला तीन गोष्टी बघू: तो वायू, सील आणि प्रेशर सेन्सर.

हे मरकॅप्टन काय प्रकरण आहे?

तुमच्या घरातल्या सिलिंडरमधल्या एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम अगदी थोडं इथिल मरकॅप्टन मिसळतात. हवेच्या अब्जावधी कणांत याचे एक-दोन कण असले तरी नाकाला कळतं. म्हणजे हे रसायन सुरक्षेसाठीच आहे. पण जिथे ते मिसळायचं काम होतं, तिथे त्याचा शुद्ध साठा ठेवावा लागतो. सिलिंडरमधला थेंबभर अंश वेगळा आणि तो साठा वेगळा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इथिल मरकॅप्टन ३५ अंश सेल्सिअसला उकळतं. कोकणातल्या दुपारी ते जवळजवळ उकळायच्या बेतातच असतं. त्याची वाफ हवेपेक्षा दुप्पट जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते.

सील: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महत्त्वाचा भाग

तुमचा फोन वॉटरप्रूफ असेल तर सिमचा ट्रे बाहेर काढून बघा. त्याच्या कडेला रबराची बारीक रिंग दिसेल. तेच सील. कारखान्यात दोन पाइप जिथे जोडतात तिथे गास्केट असतं, व्हॉल्व्हमध्ये ओ-रिंग असते आणि पंपाच्या फिरत्या दांड्यावर मेकॅनिकल सील असतं.

ओ-रिंगची गंमत अशी की आतला दाबच तिला फटीत ढकलतो आणि फट बंद होते. पण त्यासाठी रबर लवचीक राहिलं पाहिजे. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं, ते थंडीत कडक झालेल्या ओ-रिंगमुळे. रबर चुकीचं निवडलं तरी तेच होतं. ईपीडीएम नावाचं रबर पाण्याला आणि वाफेला उत्तम, पण एलपीजीसारख्या हायड्रोकार्बनमध्ये ते फुगतं आणि खराब होतं. दिसायला दोन्ही रिंगा काळ्याच. स्टोअरमधून चुकीची रिंग आली तर डोळ्यांना फरक कळणार नाही.

पंपाचं मेकॅनिकल सील म्हणजे एकमेकींवर फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या. त्यांच्यामध्ये द्रवाचा अतिशय पातळ थर लागतोच, नाहीतर त्या घासून जळतील. म्हणजे असं सील कागदावरसुद्धा शंभर टक्के बंद नसतं. म्हणून घातक द्रवांसाठी दोन सील लावतात आणि मधल्या जागेत निरुपद्रवी द्रव दाबाखाली ठेवतात. त्या मधल्या द्रवावर प्रेशर सेन्सर असतो. दाब उतरायला लागला की एक सील गेलं, हे घातक द्रव बाहेर यायच्या आधीच कळतं.

सेन्सर नक्की काय मोजतो?

काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो. आत एक पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकतो आणि त्याचा विद्युत रोध बदलतो. कारखान्यातले बरेच प्रेशर ट्रान्समीटर याच तत्त्वावर चालतात, फक्त दणकट असतात. त्यांचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो. शून्यापासून का नाही? कारण ४ म्हणजे 'दाब शून्य आहे' आणि ० म्हणजे 'वायर तुटली, मला काही माहीत नाही'. कोडिंग शिकणाऱ्यांना झीरो आणि नल यांतला फरक आठवेल. तोच हा.

पण हा सेन्सर फक्त दाब सांगतो. आत काय आहे, ते सांगत नाही. देखभालीसाठी टाकी उघडली की आतला दाब बाहेरच्या हवेइतका होतो आणि गेज शून्य दाखवतं. ते अगदी बरोबरच आहे. पण तळाशी मरकॅप्टन उरलं असेल तर ३० अंशाला त्याच्या वर साचलेल्या हवेत सुमारे ८० टक्के त्याचीच वाफ असू शकते. गेज शून्य, टाकी मात्र भरलेली! म्हणून टाकी उघडण्याआधी ती नायट्रोजनसारख्या वायूने धुतात आणि आतली हवा गॅस डिटेक्टरने तपासतात. तिथे प्रेशर गेजचा उपयोग नसतो.

उलट बाजूचं उदाहरण भोपाळचं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीचा दाब २ वरून १० पीएसआयपर्यंत चढला. पण १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, म्हणून कोणी दचकलं नाही. गेजने आकडा बरोबर दाखवला होता, तो पाचपट झालाय हे कोणी वाचलं नाही. कामगारांना गळती कळली ती डोळे झोंबायला लागल्यावर.

मग गावाचं काय?

कुंपणाच्या आतला सेन्सर कंट्रोल रूमला सांगतो. कुंपणाबाहेर सांगायची सोय वेगळी करावी लागते, आणि ती कायद्यात आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार, मोठा साठा असलेल्या कंपनीने आसपासच्या लोकांना धोका काय आणि अपघात झाल्यास काय करायचं, हे आधीच सांगायला हवं. १९९६ च्या नियमांनुसार जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट असायला हवेत. जिल्हा गटाने वर्षातून किमान एक पूर्ण मॉक ड्रिल घ्यायचं असतं.

तंत्रज्ञानही हातात आहे. २०२३ मध्ये तुमचा फोन अचानक जोरात किंचाळला होता आणि स्क्रीनवर सरकारचा चाचणी संदेश आला होता, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट होतं. ठराविक टॉवरखालच्या सगळ्या फोनवर, नंबर माहीत नसतानाही, काही सेकंदांत इशारा जातो. कारखान्याच्या सीमेवर गॅस डिटेक्टर आणि त्याला जोडलेला असा इशारा, यात आज अशक्य काहीच नाही. अडचण वेगळी आहे. अलार्म वाजवणं म्हणजे गळती जाहीरपणे मान्य करणं, आणि ते बटण ज्याच्या हातात आहे त्याला ते नको असतं. म्हणून मला वाटतं, सीमेवरच्या डिटेक्टरचे आकडे थेट जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात दिसायला हवेत, मधे कंपनीचा माणूस नको.

तुम्ही लोटे, जयगड किंवा अशा कुठल्याही प्रकल्पाजवळ राहत असाल तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. इथे कोणतं रसायन साठवलंय? शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं, आणि त्यात शाळा होती का? सायरन वाजला तर कुठे जायचं? आणि कधी उग्र वास आलाच तर वाऱ्याला आडवं चालत बाजूला व्हा, सखल जागेत थांबू नका आणि ११२ ला फोन करा. काही वेळाने वास यायचा थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. नाक सवयीने बधिर होतं, म्हणजे त्याचं 'शून्य'सुद्धा खरं मानायचं नसतं.