चौकशी कोणाची?

मागच्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर 'नोझी पार्कर' असे दोन शब्द लिहिले. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणाऱ्याला इंग्रज असे म्हणतात. इंग्रजांना आणि आपल्याला या कामी एकच अवयव सुचावा, याची वर्गाला मोठी गंमत वाटली.

हा पार्कर कोण? पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी, १५५९ ते १५७५ या वर्षांत, कँटरबरीचे आर्चबिशप असलेले मॅथ्यू पार्कर, असे पुष्कळ जण सांगतात. पण 'नोझी' या शब्दाला भोचक हा अर्थ चिकटला तो त्यांच्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, आणि हा जोडशब्द छापलेला आढळतो तो १८९० च्या सुमारास. तेव्हा ही गोष्ट मागाहून रचलेली दिसते. 'स्नूप' हा शब्द मात्र डच भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ गोडधोड चोरून खाणे. चोरून ऐकण्यातही तसलीच गोडी असते, हे कोण नाकारील?

आपली मराठीही इथे गरीब नाही. भोचक आहे, चोंबडा आहे, लुडबुड आहे, नसती उठाठेव आहे, लष्कराच्या भाकऱ्या आहेत. नाकाने, भाकरीने कोणाचे मन दुखत नाही. पण आपल्या तोंडी सर्रास येणारा शब्द निराळाच आहे: चांभारचौकशी.

मीही तो वापरीत असे. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली. घरातले शब्द पदरात बांधूनच इथे आले, त्यांतलाच हा एक. एके दिवशी वर्गातल्या मैत्रिणीला सहज म्हणाले, "कशाला गं चांभारचौकशा करतेस?" ती हसली नाही. संध्याकाळी भाईंदर स्टेशनात गाडीतून उतरल्यावर एवढेच म्हणाली, "माझे आजोबा तेच काम करीत."

त्या रात्री मला झोप आली नाही. चांभार कसली चौकशी करतो? चप्पल कुठे चावते, अंगठा तुटला की टाच झिजली, शिलाई घालू की खिळा मारू? ही तर त्याच्या धंद्यातली जाण! डॉक्टरने विचारले तर आपण त्याला तपासणी म्हणतो.

खरी नको ती चौकशी मला रोज लोकलच्या डब्यात ऐकू येते. "नाव काय? आडनाव? गाव कुठलं? म्हणजे तुम्ही कोण?" हे प्रश्न चांभार कोणाला विचारीत नाही, त्याच्या मुलीला ते विचारले जातात. चौकशी करणारे आपण आणि नाव मात्र त्याचे! इंग्रजांच्या गोष्टीत निदान एका धर्माधिकाऱ्याला नावे ठेवली आहेत. आपण रस्त्याकडेला बसून राबणाऱ्याला धरले.

काही जण म्हणतील, शब्द आता झिजला आहे, बोलणाऱ्याच्या मनात जात नसते. नसेलही. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय असते, हे बोलणाऱ्याने कधी विचारले? आणि शब्द खरोखरच झिजला असेल, तर झिजलेला तळ आपण बदलतो, तसा तो बदलायला हरकत कोणती?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर अशी नावे सुचवली. पाट्या बदलणे सरकारच्या हाती आहे. जिभेवरची पाटी ज्याची त्यानेच पुसायची असते.

मित्रहो, शब्दकोशातून हा शब्द खोडून टाका असे मी म्हणत नाही. आपल्या बापजाद्यांनी काय केले याची ती नोंद आहे, ती राहू द्या. बोलताना मात्र 'भोचक' म्हणा, 'नसती उठाठेव' म्हणा. मराठीचे काही कमी होणार नाही.

मैत्रिणीची मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं." पण 'जाऊ दे' म्हणण्याची पाळी नेहमी तिच्यावरच का यावी, एवढी चौकशी तरी आपण स्वतःशी करायला हवी.