आरंभशूरत्व आणि कार्यसिद्धि

'कार्याचा आरंभ करणें सोपें, परंतु तें तडीस नेणें कठीण,' असें वडीलधारीं माणसें नेहमीं सांगतात. आम्हांस या म्हणण्याचा पूर्वार्ध मान्य नाहीं. आरंभ सोपा वाटतो, याचें कारण आपण नारळ फोडण्यासच आरंभ समजतों. कोनशिला बसली, हारतुरे झाले, छायाचित्र निघालें, कीं काम सुरू झालें असें आपण मानतों. वास्तविक त्या दिवसापूर्वीं जें व्हावयास पाहिजे होतें, तें झालेलेंच नसतें. आणि मग पुढील वर्षेंच्या वर्षें त्याची भरपाई करण्यांत जातात.

असला विषय शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, खानदेशांत शेतकऱ्याच्या मुलाचें शिक्षण चालू राहणें किंवा मध्येंच तुटणें हें पुष्कळ वेळां शेतास पाणी मिळतें कीं नाहीं यावर अवलंबून असतें. अमळनेर तालुक्यांत पाडळसें येथें तापी नदीवर निम्न तापी प्रकल्पाचें धरण बांधण्याचें काम गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत सुरू झालें. त्यास आतां 25 वर्षांहून अधिक काळ लोटला. अंदाजपत्रक पुन्हा पुन्हा सुधारावें लागून मूळ रकमेच्या अनेक पट झालें. धरण मात्र अद्याप पुरें व्हावयाचें आहे. त्या वेळीं जो मुलगा पहिल्या इयत्तेंत होता, त्याचीं मुलें आज शाळेंत जाण्याच्या वयाचीं असतील. पैसा वेळेवर मिळाला नाहीं, हें कारण सांगतात व तें खोटें नाहीं. परंतु एकाच वेळीं पुष्कळ कामें उघडून प्रत्येकावर थोडथोडा पैसा शिंपडला, तर कोणतेंहि काम पुरें होत नाहीं, हें हिशोबाचें पहिलें पुस्तक शिकणाऱ्या मुलासहि समजावें. दहा खोल्यांच्या जोत्यांत एकहि विद्यार्थी बसूं शकत नाहीं. छप्पर घातलेल्या एका खोलींत चाळीस बसतात.

या संबंधांत आपल्याच प्रांतांतील एक जुनी हकीकत विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानीं घ्यावी. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे पुढें 1912 सालीं म्हैसूरचे दिवाण झाले व 1955 सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1884 सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत ते साहाय्यक इंजिनियर म्हणून नुकतेच लागले, तेव्हां त्यांची नेमणूक लवकरच धुळें येथें झाली, हें थोड्यांस ठाऊक असतें. खानदेश त्या वेळीं एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे भाग 1906 सालीं झाले. पांझरेच्या खोऱ्यांत दातर्ती या गावीं एका नाल्यापलीकडे पाटाचें पाणी नेण्यासाठीं नळाचा सायफन बांधण्याचें काम या तरुणाकडे आलें. सायफन म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. पाट नाल्याशीं आला कीं त्याचें पाणी नळांत घेऊन नाल्याच्या तळाखालून न्यावयाचें व पलीकडल्या तीरावर पुन्हा वर काढावयाचें. पलीकडचें तोंड अलीकडच्या तोंडापेक्षां थोडें खालीं ठेवलें म्हणजे पाणी आपोआप वर चढून पुढें वाहूं लागतें. युक्ति सोपी, परंतु तिचा पाया नाल्याच्या पोटांत घालावयाचा असतो, आणि पावसाळ्यांत नाला कोणाचें ऐकत नाहीं.

झालेंहि तसेंच. खणून तयार केलेला पाया पुरानें वाळू आणून भरून टाकावा, असें चाललें. तेव्हां त्यांनीं वरिष्ठ इंजिनियरांस लिहून कळविलें कीं, पावसाळा संपेपर्यंत काम तहकूब ठेवावें. उत्तर कडक आलें. यांत शिस्तीची उणीव दिसते, असा त्याचा रोख होता. तरुणानें मग काम पुन्हा हातीं घेतलें आणि अनेक अडचणी सोसून तें पुरें केलें. वरिष्ठांनींहि मन मोठें करून त्याची वाखाणणी केली. ही हकीकत विश्वेश्वरय्या यांनीं 1951 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत स्वतःच नमूद केली आहे.

या गोष्टीपासून चिकाटीचा बोध घ्यावा, असें बहुतेक लोक सांगतात. आमचें मत थोडें निराळें आहे. पावसाळ्यांत नाल्यांत पाया घालूं नये, हा त्या तरुणाचा सल्ला आमच्या मतें चुकीचा नव्हता. पाया केव्हां खणावयाचा हा प्रश्न पाऊस येण्यापूर्वींच सुटावयास हवा होता, आणि तो सोडविणें हें कनिष्ठाचें नव्हे तर वरिष्ठांचें काम. मुलांनीं या हकीकतींतून घ्यावयाचें तें हें, कीं अडचण आली तेव्हां त्यानें ती लपवून ठेवली नाहीं. वेळींच आणि लेखी कळविली. निकाल आपल्या मनाविरुद्ध लागला, तरी तो रुसून बसला नाहीं. आपल्या कचेऱ्यांतून व शाळांतूनहि याच्या अगदीं उलट प्रकार आढळतो. अडचण दिसत असतां सर्वजण 'सर्व ठीक चाललें आहे' असें लिहितात, आणि शेवटच्या महिन्यांत एकदम सत्य प्रकट होतें. आमच्या पाहण्यांतील एका पुलाचें काम रस्त्यांतील विजेचे खांब कोणी व कोणाच्या खर्चानें हलवावे, एवढ्या प्रश्नावर महिनेच्या महिने अडून राहिलें. खांब काम सुरू होण्यापूर्वींहि तेथेंच उभे होते. ते रात्रींतून उगवले नव्हते!

आतां याच पांझरेच्या कांठची दुसरी बाजू पाहा. तेथील फडपद्धति तीनशें वर्षांहून जुनी आहे. नदींत दगडी बंधारे घालून पाट काढलेले, आणि पाटाखालील जमिनीचे मोठमोठे फड पाडलेले. कोणत्या फडांत ऊस व कोणत्यांत हंगामी पीक, हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. पाणी देण्यास पाटकरी, त्यावर देखरेखीस हवालदार, पिकांच्या राखणीस जागल्या; ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें पाट फोडावयाचा नाहीं. हंगामापूर्वीं पाटांतील गाळ काढण्यास सर्वांनीं हात लावावयाचा. आम्हांस सर्वांत आवडतें तें टंचाईच्या वर्षाचें कलम. नदीस पाणी कमी असलें म्हणजे सर्वच पिकें अर्धपोटीं ठेवीत नसत. भिजवावयाच्या फडांचीच संख्या कमी करीत. बहुतेकांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत वांटलेल्या असल्यामुळें तोटाहि वांटला जाई, व पाटाच्या शेवटास असलेल्या शेतकऱ्यानेंच तेवढें मरावें असें होत नसे. संकट येणार हें गृहीत धरून त्याचा निवाडा आधींच करून ठेवणें, याहून अधिक शहाणपण आजच्या कोणत्या प्रकल्पशास्त्रांत आहे?

शिरपूर तालुक्यांत 2004 पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं नाले रुंद व खोल करून त्यांवर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधण्यांत आले, तेंहि याच जातीचें काम होय. एक नाला पुरा करावयाचा, पावसांत त्याची परीक्षा पाहावयाची, मग दुसरा. एवढ्यानें मोठ्या धरणांची गरज सरते असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

दूर कशास? आपल्या पिंप्राळ्यास आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघतो, तो बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलेला आहे. रथ ओढणाऱ्यांची गर्दी असते, जयघोष करणारे त्याहून अधिक. परंतु चाकाखालीं मोगरी लावून त्या अवजड रथाचा वेग आणि वळण सांभाळणारीं माणसें थोडकीं. त्यांचें लक्ष ना गर्दीकडे असतें, ना पताकांकडे. तें चाकावर खिळलेलें असतें. त्यांनीं क्षणभर दुर्लक्ष केलें तर रथ लोकांच्या अंगावर जाईल. आमच्या शाळेंत स्नेहसंमेलनाच्या कमिटींत नांव घालण्यास चाळीस मुलें पुढें येतात. बैठकीनंतर कोणीं काय करावयाचें हें लिहून घेऊन दर शनिवारीं विचारणारा मुलगा शोधावा लागतो. ओढणारे पुष्कळ, मोगरी लावणारा कोणी नाहीं.

म्हणून आमची एक लहानशी सूचना आहे. शाळा, ग्रामपंचायत, नगरपालिका, कोणीहि नवें काम काढो, त्याच्या कोनशिलेवर पाहुण्यांचें नांव खुशाल मोठ्या अक्षरांत कोरावें. परंतु त्याच्या खालीं काम पुरें होण्याचा दिनांक, मंजूर झालेली रक्कम आणि काम पुरें झाल्यावर त्याची निगा राखणाराचा हुद्दा, या तीन ओळी त्याच दगडावर असाव्या. दिनांक कोरावयाचा म्हटला म्हणजे समारंभ कदाचित् सहा महिने पुढें जाईल. जाऊं द्यावा.