पोत्याची कड आणि कुत्र्याचं नाक

संध्याकाळी उपळाई रोडला फिरायला निघणाऱ्यांच्या हातात आता पिशवीबरोबर पट्टाही दिसतो. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लॅब्रेडॉर, पामेरियन, क्वचित एखादा हस्की. बर्फात गाडी ओढणाऱ्या त्या जातीला बार्शीच्या मे महिन्यात आणून ठेवणाऱ्यांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. तर फिरून येताना दूध घ्यायचं असतं, साखर घ्यायची असते, आणि दुकानाच्या पायरीशी प्रश्न येतो: कुत्र्याला आत न्यायचं का? नेणारे नेतात. दुकानदार बोलत नाही, कारण गिऱ्हाईक ओळखीचं असतं, वहीत त्याचं खातं असतं, किंवा कुत्र्याचे मालक डॉक्टर नाहीतर वकील असतात. मग या गप्प बसण्यालाच होकार समजतात, आणि हळूहळू त्या होकाराचा हक्क होतो.

माझं मत सरळ सांगतो. पाळीव कुत्रा दुकानात नेणं हा त्याच्या मालकाचा हक्क नाही. ती दुकानदाराने दिली तर मिळणारी मुभा आहे. आणि खाण्याचा माल विकणाऱ्या दुकानात ती मुभा द्यायला दुकानदारही मोकळा नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं ऐकू. कुत्रा पाळणाऱ्यांचा नेहमीचा सवाल असा: आमचा कुत्रा लस टोचलेला, आंघोळ घातलेला, घरात गादीवर झोपणारा. उलट तुमच्या किराणा दुकानात मोकाट गाय येऊन पोत्यात तोंड घालते, गोदामात घुशी फिरतात, त्यांच्यासाठी दुकानदाराने स्वतःच मांजर ठेवलेलं असतं. मग डोळा आमच्याच कुत्र्यावर का?

यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि तरीही युक्तिवाद खोटा आहे. गाय पोत्यात तोंड घालते तेव्हा दुकानदार काठी घेऊन उठतो. कुत्र्यावर त्याला काठी उगारता येत नाही, कारण पट्टा गिऱ्हाइकाच्या हातात असतो. घुशीला आत येऊ द्या, असं म्हणायला कोणी पायरीवर उभं राहत नाही. चुकून शिरणारं जनावर आणि हट्टाने आणलेलं जनावर यांना एकाच मापाने कसं मोजणार? मोकाट चालतात म्हणून पाळीव चालावेत, हे तर्कट न्यायालयानेही मानलेलं दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून मोकाट कुत्री हटवायला सांगितली आहेत. आजवर चाललं म्हणून पुढेही चालू द्या, असा त्या आदेशाचा अर्थ खासच नाही.

आणि कायदा काही नवा नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा. त्याखाली 2011 साली परवाना आणि नोंदणीचे नियम आले. त्यांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत, आणि खाद्यपदार्थांच्या जागेत जनावरं, पक्षी, पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत ही त्यातलीच एक अट. गल्ल्यामागे गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेला कागद याच नियमांखाली मिळालेला असतो. (मांजरही या अटीत बसतं, हे दुकानदारांनी जाता जाता ऐकून ठेवावं.)

पण मला कायद्यापेक्षा डोळ्यांना दिसणारी गोष्ट जास्त पटते. बार्शी ही ज्वारीची आणि डाळींची पेठ. इथल्या जुन्या किराणा दुकानात तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे, गूळ, ज्वारी हा माल पोत्यांत असतो. पोत्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून गुंडाळलेली, आत माप खोचलेलं. ती पोती जमिनीवर किंवा वीतभर फळीवर ठेवलेली. आता लॅब्रेडॉर शेजारी उभा करा. त्याचं नाक आणि पोत्याची कड एकाच उंचीला येते. त्याचा काही दोष नाही. वास घेणं, हुंगणं, चाटून बघणं हेच त्याचं जग जाणून घेणं आहे. मालक मान वर करून रवा किती रुपये किलो विचारत असतो, तेवढ्यात शेंगदाण्यांवर लाळ पडलेली असते. ते पोतं दुकानदार फेकून देणार नाही. ते शेंगदाणे तुमच्या-आमच्याच घरी येणार.

म्हणूनच ‘परदेशात चालतं’ हा दाखला इथे लागू पडत नाही. मुळात दाखला देणारे तो अर्धाच देतात. जर्मनीत कुत्रा रेल्वेत चालतो, कपड्यांच्या दुकानात चालतो, उपाहारगृहातही बऱ्याच ठिकाणी चालतो. पण सुपरमार्केटच्या दाराशी त्याला थांबवतात, आणि तिथे बहुतेक माल पुड्यांत बंद असतो तरी थांबवतात. शिवाय तिथल्या नगरपालिका कुत्रा पाळणाऱ्याकडून वर्षाला कर घेतात. बार्शी नगरपरिषदेने उद्या असा कर लावला तर परदेशाचं नाव काढणाऱ्यांतले किती जण पावती फाडायला येतील? अमेरिकेतही लाडका कुत्रा म्हणून किराणा दुकानात प्रवेश मिळत नाही. 1990 च्या अपंगांविषयीच्या कायद्याने तिथे मदतनीस कुत्र्याला प्रवेश आहे, आणि दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा अपंगत्वामुळे लागतो का, आणि याला कोणतं काम शिकवलंय? हा अपवाद मला शंभर टक्के मान्य आहे. अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा कुठल्याही दुकानाशी आला तर दार उघडावं, पोती बाजूला सारावीत. तो लाडाचा नाही, गरजेचा प्रश्न आहे.

दुसरा दाखला धर्माचा. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबासोबत कुत्रा, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे युधिष्ठिर, ज्याने कुत्र्याला स्वर्गाच्या दारापर्यंत नेलं. महाप्रस्थानाची ती गोष्ट मलाही फार आवडते, पण ती नीट आठवावी. इंद्र म्हणाला, कुत्र्याला आत घेता येणार नाही. युधिष्ठिर कुत्र्याला रथात कोंबून आत घुसला नाही. तो दारात थांबला, आपली बाजू मांडली, आणि कुत्रा येणार नसेल तर मीही येत नाही म्हणाला. पायरीवरून परत जायची त्याची तयारी होती. बार्शीतल्या कुत्रेवाल्यांनी हा आदर्श अवश्य घ्यावा. राहिला दत्त आणि खंडोबा. आपल्या भगवंताच्या देवळात लॅब्रेडॉर घेऊन कोणी जात नाही, आणि त्यात कुत्र्याचा अपमान झाला असंही कोणी म्हणत नाही. मग तोच न्याय पेढ्याच्या दुकानाला लावला की अपमान कसा होतो?

व्हॉट्सअॅपवर फिरणारा तिसरा दाखला प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांचा. त्या गृहसंस्थांसाठी आणि कुत्री पाळणाऱ्यांसाठी आहेत. लिफ्टमध्ये कुत्रा नेऊ द्या, सरसकट बंदी घालू नका, असं त्यात आहे. दुकानाचा त्याच्याशी संबंध नाही, एवढंच उत्तर पुरे.

खरी अडचण पुढेच आहे, आणि तिच्याबद्दल कुत्रे पाळणारे कधी बोलत नाहीत, कारण त्यांना ती दिसतच नाही. कुत्र्याला भिणारं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. ते पायरीवरूनच वळतं आणि पुढच्या दुकानात जातं. लेकराला कडेवर घेऊन उभी असलेली बाई, काठी टेकत आलेले आजोबा, लहानपणी चावा खाल्लेला कोणी, यातलं कोणी भांडायला येणार नाही. त्यांना मिळतं ते एकच वाक्य: “काही करत नाही हो तो.” चावलेल्या प्रत्येक कुत्र्याचा मालक चावण्याआधी हेच म्हणत होता. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं भारतातली आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोग उमटला की वाचणं जवळजवळ अशक्य. अशा देशात माणूस कुत्र्याला भितो तेव्हा त्याला अडाणी म्हणू नये. तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड तुमच्या कपाटात असतं, त्या बाईच्या डोळ्यांसमोर नसतं. आणि चावलंच, तर दवाखान्याच्या खेपा तिच्या नशिबी. जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण आपल्या गावात ओळखीच्या माणसावर फिर्याद कोण करतो?

बार्शीत तर याला आणखी एक कारण आहे. नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय 1982 पासून आपल्या गावात आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी इथेच 1987 साली सुरू झाली. धाराशिव, बीड, लातूरकडचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक गावात मुक्कामाला असतात. औषधांच्या दुकानाशी डोक्याला रुमाल बांधलेली, तोंडाला मास्क लावलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. केमोथेरपीने त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. कुत्र्याच्या लाळेतले काही जिवाणू तुम्हा-आम्हाला काही करत नाहीत, पण अशा माणसाला एखाद्या ओरखड्यातूनही गंभीर संसर्ग होऊ शकतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठी धरून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या पायाशी कोणाचा तरी लाडका शेपूट हलवत यावा, हे मला पटत नाही. त्या दुकानाला अन्नाचा नियम लागतो की नाही, हा वाद इथे गैरलागू आहे.

इतकं म्हटल्यावर काही जण माझ्या बाजूला येऊन उभे राहतील, त्यांनाही दूर करतो. कुत्रा विटाळाचा, कुत्रा दिसला की दगड, पाठीवर गरम पाणी, असं वागणाऱ्यांशी माझा संबंध नाही. याच महाराष्ट्रात एकदा कुत्र्यांसाठी बाजार बंद झाला होता. 1832 च्या जूनमध्ये इंग्रज सरकार मुंबईत मोकाट कुत्री मारायला दर कुत्र्यामागे बक्षीस देत होतं, तेव्हा कोटातल्या पारशांनी कुत्री पकडणाऱ्यांना अडवलं, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद ठेवली, आणि हिंदू, जैन, इस्माइली व्यापारीही त्यात आले. दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. त्या व्यापाऱ्यांनी कुत्र्यासाठी दुकान बंद केलं. कुत्र्याला दुकानात बसवलं नाही. दया आणि दुकानदारी यांच्या जागा त्यांना वेगळ्या कळत होत्या.

कुत्रेवाल्यांचा एकच मुद्दा मला खरोखर अडवतो, तो उन्हाचा. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळीसच्या वर जातो. कुत्र्याला बाहेर खांबाला बांधलं तर डांबराने त्याचे पंजे भाजतात. बंद गाडीत ठेवलं तर काही मिनिटांत गाडीची भट्टी होते, आणि असं ठेवणं म्हणजे क्रूरपणाच. शिवाय दुकानाच्या पायरीवर गल्लीतला एक कायमचा रहिवासी पडलेला असतो. पाळीव कुत्रा बांधलेला दिसला की तो चार भावंडं गोळा करून येतो, आणि बांधलेल्याला पळताही येत नाही. म्हणजे बाहेर बांधून आत जाणं हाही उपाय नाही. हे सगळं मान्य. पण मग भर दुपारी कुत्र्याला बाजारात आणलंच कशाला? त्याला पांडे चौकात काय खरेदी करायची असते? घरी पंख्याखाली राहू द्यावं. बरोबर आणायचंच तर दोघांनी यावं, एकाने सावलीत थांबावं. आणि एकटं असाल तर आपल्याकडची जुनी सोय आहेच. आपली दुकानं रस्त्याकडे तोंड करून उघडी असतात. पायरीखालून हाक मारली की दुकानातला पोरगा दुधाच्या पिशव्या हातात आणून देतो.

राहिली बाकीची दुकानं. हार्डवेअर, मोबाइल, चपला, रोपवाटिका, इथे दुकानदाराची इच्छा असेल तर खुशाल चालावं. पट्टा आखूड धरलेला हवा, एवढंच. कापडाच्या पेढीवर मात्र मी दुकानदाराच्या जागी असतो तर नको म्हटलं असतं. तिथे माणसंही चपला काढून पांढऱ्या गादीवर बसतात, समोर दहा-दहा साड्या उलगडलेल्या असतात, आणि एक नख जरीच्या काठात अडकलं की धागा ओढला जातो. ती साडी पुन्हा पूर्ण किमतीला जात नाही. नुकसान कुत्र्याचा मालक भरून देईल का, हे विचारायचं धाडस ओळखीच्या गिऱ्हाइकापुढे होत नाही.

म्हणून बार्शीतल्या दुकानदारांना विनंती आहे: गप्प बसू नका, दारावर पाटी लावा. त्यासाठी नगरपरिषदेच्या ठरावाची वाट बघायची गरज नाही. किराणा, मिठाई, हॉटेल, औषधं या दुकानांवर ‘कुत्रा आत आणू नये’ असं लिहा, खाली ‘मदतनीस कुत्र्याला प्रवेश आहे’ अशी ओळ घाला. इतरांनी हवं तर ‘विचारून आणा’ लिहावं. आणि ज्यांच्या हातात पट्टा आहे त्यांनी पाटी नसलेल्या दुकानाचं उत्तर ‘नाही’ असंच धरावं.