दप्तराचे वजन मोजले, पाठदुखीचे काय?

शाळा सुरू झाल्या की दप्तराच्या ओझ्याची चर्चा नेमाने सुरू होते आणि पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंत विरूनही जाते. हा प्रश्न आजचा नव्हे. लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात तो मांडला. १९९३ मध्ये यशपाल समितीचा अहवाल आला. २०२० च्या दप्तर धोरणाने तर मर्यादाच ठरवून दिली: दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. म्हणजे तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलोंहून अधिक भार नको. ही मर्यादा पाळली गेलीच पाहिजे.

मात्र दप्तर हलके झाले की पाठदुखी संपेल, हा समज तपासून घ्यावा लागेल. याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळेच मुलांची पाठ दुखते, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यात आढळला नाही. सारा दोष दप्तरावर टाकण्यात एक धोका आहे. कारण सापडल्याच्या समाधानात आपण मुलाचे दुखणे नीट ऐकतच नाही.

मुलांची बहुतेक पाठदुखी स्नायूंच्या ताणाची असते आणि काही दिवसांत बरी होते. अशा वेळी घरच्या उपचारांत दोन टोके दिसतात. एक म्हणजे ‘काही नाही, शाळा बुडवायचे निमित्त’ असे म्हणून दुर्लक्ष. दुसरे म्हणजे आठवडाभर अंथरुणात झोपवून ठेवणे. दोन्ही चूक. दुखणे वाढवणारा खेळ वा जड उचलणे थोडे दिवस थांबवावे. पण चालणे-फिरणे आणि शाळा चालू ठेवावी. सतत पडून राहिल्याने पाठ अधिक आखडते. कोमट पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेकावे. वेदनाशामक औषध मुलाच्या वजनानुसार, डॉक्टरांना विचारूनच द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. मोबाइलवर वाकून तासन्‌तास बसणाऱ्या मुलाला अर्ध्या तासाने उठवावे. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीला चिकटून राहील असे अडकवायला लावावे.

काही लक्षणे मात्र घरी थांबण्याची मुभा देत नाहीत. ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना, लंगडणे, कण्याला आलेला बाक, तसेच चार-पाच वर्षांखालील मुलाची पाठदुखी यांपैकी काहीही दिसले, तर डॉक्टरांकडे जावे. पायांत बधिरता वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा पडझडीनंतर तीव्र वेदना सुरू झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो. तो वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो. ‘दप्तराने दुखत असेल’ म्हणून महिने घालवले, तर मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. क्षयाचे निदान व औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या वयात आलेल्या मुलांत मणक्याच्या हाडाला ताणाने बारीक तडा जातो, हेही प्रशिक्षकांनी ध्यानात ठेवावे. आणि साधे वाटणारे दुखणेही तीन-चार आठवडे हटत नसेल, तर तपासणी हवीच. ती होण्याआधी हाडे बसवणाऱ्याकडून पाठ चोळून वा मोडून घेऊ नये.

धोरणे कागदावर आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीचा जाब शाळांना व शिक्षण खात्याला विचारलाच पाहिजे. पण परिपत्रकाला मुलाचे कण्हणे ऐकू येत नाही; ते घरातल्यांनाच ऐकावे लागते. ‘कुठे दुखते, केव्हापासून, रात्रीही दुखते का?’ हे तीन प्रश्न विचारायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.